डोकं कुठं हाय?

आमच्या घरमालकीणबाई भर मे महिन्यात पायमोजे घालत. किहीमच्या अलीकडच्या त्या गावात मे महिन्यात माणसं अंगावरचे कपडेच कसेबसे सहन करतात. या बाई मात्र सकाळी उठल्यापासून अंगठा वेगळा असलेले तपकिरी मोजे चढवून, वर चपला घालून नारळाच्या वाडीत फिरत. घरातसुद्धा मोजे, चुलीपाशीसुद्धा मोजे. मी त्यांना काकी म्हणायचे. सगळा गाव त्यांना दुसऱ्याच एका नावानं ओळखायचा, ते मला उशिरा कळलं.

अलिबागच्या कोर्टात मला लिपिकाची नोकरी लागली तेव्हा मी खोली शोधत होते. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या एका गोदामात पाळीवर होता. तो उरणला राहायचा आणि सुट्टीला यायचा. खोली शोधताना आडनाव विचारतात आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी "कालच दिली" असते, हे मला नवीन नव्हतं. पूर्ण नाव सांगायचं आणि मान खाली घालायची नाही, हे बाबांनी लहानपणीच शिकवलेलं. त्यामुळे मी पुरती तयारी करून गेले होते. काकी ओटीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं,

"कंबर दुखती काय तुजी?"

"नाही."

"नवऱ्याची?"

"त्याचीही नाही."

"तुला कोनी सांगितलं?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हटलं, त्यानंच सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, पुरुष कंबरेचं खरं सांगत नाहीत. मग त्याला ओझी उचलावी लागतात का, सासूची कंबर कशी आहे, सासू इथं राहायला येणार का, असं सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात भिरकावला आणि म्हणाल्या, "ये मग. पन कोना कंबरवाल्याला घेऊन येशील तर सामान भायेर." आडनाव त्यांनी विचारलंच नाही. मला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण मनात शंकेची पाल चुकचुकली. आडनाव न विचारता कमरेची चौकशी करणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती.

"तुला कोनी सांगितलं?" हे काकींचं पालुपद होतं. आज उकडतंय म्हटलं तरी, "तुला कोनी सांगितलं?" कोर्टात ऐकीव पुरावा ग्राह्य धरत नाहीत, पण आमच्या कोर्टापेक्षा काकींची ओटी कडक होती. दूधवाल्यानं ओतलेलं दूध त्या आधी हुंगत, मग त्यालाच एक घोट प्यायला लावत. फाटकाला संध्याकाळी काळा दोरा बांधत आणि सकाळी तो तुटला आहे का ते वाकून बघत. एकदा दोरा तुटलेला निघाला. तो मांजरानं तोडला असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडेही दिवसभर मांजराचा साथीदार असल्यासारखं पाहिलं. मुंबईहून बोटीनं येणारे सुट्टीकर रस्त्यानं हसत निघाले की त्या म्हणत, "हसतात बघ. जागा बघून गेले." कुणी आपल्या मागे उभं राहिलेलं त्यांना चालत नसे, आणि पायांना तर कुणाला हात लावू देत नसत. दिवाळीच्या पाडव्याला मी नमस्काराला वाकले तर त्या चटकन मागे सरकल्या. तुळशीवृंदावनाला धडकल्या, पण पाय काही दिले नाहीत.

मी नवऱ्याला सांगितलं, पायांना काहीतरी रोग असणार. तो म्हणाला, "ती बाई काहीतरी लपवतेय, तू जपून राहा." हे सांगून तो उरणला निघून गेला. जपून म्हणजे नेमकं कसं राहायचं, ते त्यानं सांगितलं नाही.

काकींच्या पायांचं गुपित मला एका सकाळी कळलं. मी कोर्टात जायला डबा भरत होते. शेजारी एक घरगुती खानावळ होती, सुट्टीकरांना सुरमई-भाकरी खाऊ घालणारी. तिची मालकीण म्हणजे शेजारच्या वहिनी. बाई कामसू आणि गोड, पण कुठल्या घरात काय शिजतंय ते त्यांना झाकण काढल्याशिवाय कळायचं. त्यांचा नवरा बंदरावर ट्रेलर चालवायचा. त्या सकाळी वहिनी नवऱ्याला घेऊन आल्या, तेव्हा तो काटकोनात वाकला होता. काकींच्या कपाळावर आठ्यांचं जाळं झालं. पण त्या काही न बोलता ओटीवर आल्या. तो माणूस पालथा झोपला. काकींनी खांबाला धरून डाव्या पायातला मोजा काढला. मी खिडकीतून डोळे फाडून बघत होते. पाय अगदी साधा होता, जरा गोरा, झाकलेला राहून सुरकुतलेला. तो त्यांनी त्याच्या कमरेवर टेकवला, दाबला, उचलला. पुन्हा टेकवला. एखादा दंड भरावा तसा चेहरा करून हे सगळं चाललं होतं. मग त्यांनी पाय धुतला, मोजा चढवला आणि "जा आता" म्हणून आत निघून गेल्या.

तो माणूस हळूहळू सरळ झाला. मला खिडकीत बघून वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "पायाळू हाय ना ती! पायानं जन्मली. अख्ख्या पंचक्रोशीच्या कमरा तिच्या पायाखालून गेल्यात. तुमाला म्हाईत न्हवतं?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "पन आता तिचा गुडघा वर येत न्हाय. फुडं कोन, तेच कळत न्हाय."

पायाळू मुलाचा पाय लागला की उसण उतरते, हे मी लहानपणी ऐकलं होतं. आमच्या घरात बाबांनी असल्या गोष्टी केव्हाच उंबऱ्याबाहेर काढल्या होत्या. जन्मताना पाय आधी आले म्हणून पायाला गुण येतो, तर मग डोकं आधी आलेल्यांच्या डोक्याला का येत नाही, असं ते विचारायचे. मी हसून डबा पिशवीत टाकला आणि कोर्टात गेले. ती सगळी गोष्ट लवकरच माझ्या पोटावर येऊन बसेल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मला दिवस गेले. सात महिने सरळ गेले. आठव्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला सांगितली आणि पडदा बघून म्हणाल्या, "बाळाचं डोकं अजून वर आहे. बूड खाली, पाय दुमडलेले, छान मांडी घालून बसलंय. घाबरू नका, वेळ आहे, फिरेल. नाही फिरलं तर सिझर करू." मी घाबरले नाही असं म्हणणं खोटं ठरेल. रिक्षातून घरी येईपर्यंत मी पोटावर हात ठेवून उजव्या बरगडीखालचा टणक गोळा चाचपत होते. म्हणजे इतके दिवस मी जिला पाठ समजून थोपटत होते ते डोकं होतं.

काकी फाटकातच उभ्या होत्या.

"डोकं कुठं हाय?"

त्यांना सोनोग्राफीचं कसं कळलं, देव जाणे. मी म्हटलं, "वर."

त्यांनी आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग खानावळीच्या कुंपणाकडे. माझा दंड धरून मला आत नेलं, खिडकी लावली आणि विचारलं, "कोनाला सांगितलंस?"

"अजून कुणालाच नाही. आईला फोन करणार आहे."

"कर. पन मोठ्यानं बोलू नको."

त्या दिवसापासून काकी माझ्या पोटामागे लागल्या. सकाळी दार उघडलं की समोर त्या, "डोकं कुठं हाय?" संध्याकाळी बसमधून उतरले की फाटकात त्या, "डोकं कुठं हाय?" जसं काही पोर दिवसभर कोर्टात माझ्यासोबत फिरत होतं आणि डोकं कुठे ठेवलंय ते मला सांगत होतं. मला आठ दिवस रोज त्यांच्या ओटीची फरशी पुसायला लावली, हात-गुडघे टेकून. असं केलं की पोर फिरतं, म्हणाल्या. पोर काही फिरलं नाही, ओटी मात्र आरशासारखी झाली. मला दाट संशय आला की बाईनं फुकटात काम साधून घेतलं.

सोनोग्राफीवरही त्यांचा विश्वास नव्हता. "डोकं दिसतं, पाय दिसतात, काळीज दिसतं, आनि पोरगी की पोरगा तेवढं दिसत न्हाय व्हय?" दिसतं, पण सांगायचं नाही असा कायदा आहे, मी म्हटलं. "मंग?" त्या विजयानं म्हणाल्या. "लपवतात ना? जो एक लपवतो तो दुसरंही लपवतो. डोकं खालीच असंल." पुढच्या तपासणीला त्या माझ्यासोबत आल्या आणि खोलीच्या दारालाच कान लावून उभ्या राहिल्या. डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तेव्हा काकी अर्ध्या आत आल्या होत्या.

मला माझ्या परीनं उलगडा होत चालला होता, आणि तो मला मुळीच आवडत नव्हता. काकींचा गुडघा वर येत नाही. गावाला पुढचा पाय हवा आहे. आणि भाडेकरणीच्या पोटात तो पाय आयता तयार होतो आहे. म्हणून ही पाळत. म्हणूनच माहेरी जाऊ नको, आईलाच इथं बोलाव हा आग्रह. शेजारच्या वहिनी पोटाला हात लावायला आल्या की काकी मध्ये येऊन उभ्या राहत, तेही मला मालावर हक्क सांगितल्यासारखं वाटे. मी नवऱ्याला फोनवर सांगितलं, "ही बाई आपल्या बाळाला कामाला लावणार." तो म्हणाला, "अगं, आधी जन्मू तर दे." पुरुषांना कशाचं गांभीर्यच नसतं.

मग एक दिवस मी कुंपणापाशी कपडे वाळत घालत होते. चादरीच्या पलीकडे काकी आणि वहिनी बोलत होत्या. मी चादरीमागे आहे हे दोघींनाही दिसत नव्हतं.

"काय म्हनतात डॉक्टर?" वहिनींचा आवाज.

"झालं की. फिरलं पोर. डोकं खाली आलं."

"तुमाला कोनी सांगितलं?" वहिनींनी त्यांचंच पालुपद त्यांच्यावर उलटवलं.

"मी सोता ऐकलं. दाराशी हुते."

दाराशी होत्या हे खरं. पण आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी आतून स्पष्ट सांगितलं होतं की डोकं जिथे होतं तिथेच आहे, आता फिरणं अवघड, सिझरची तयारी ठेवा. काकींनी ते ऐकलं होतं. येताना रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरून ठेवला होता. मग हे काय? दूध हुंगून त्यातलं पाणी ओळखणारी बाई एवढं धडधडीत खोटं का बोलते? खोटं बोलणाऱ्या माणसाचं काहीतरी हित असतं, हे मी रोज कोर्टात बघते.

वहिनी गेल्यावर मी ओटीवर गेले. "काकी, खोटं का सांगितलंत?"

"तुला कोनी सांगितलं?"

"मी स्वतः ऐकलं. चादरीमागे होते."

काकी नारळाच्या झावळीतून हीर काढत बसल्या. मग सुरी बाजूला ठेवली आणि दोन्ही मोजे काढले. माझ्यासमोर पहिल्यांदाच. पाय उन्हात लांब केले.

"पाच वर्साची हुते तवापासून लोकांच्या कमरेवर पाय देते," त्या म्हणाल्या. "शाळेत बाईंच्या कमरेत उसण भरली, वर्गातच पाय दिला. मंग बाईंनी घरच्यांना बोलावलं, त्यांच्या शेजाऱ्यांना बोलावलं. शाळा राह्यली बाजूला. वीज कडाडली की मला कणगीमागं कोंडायचे, पायाळू मानसावर वीज पडते म्हनून. अंगणात सगळी पोरं पावसात नाचायची आनि मी कणगीमागं. बा मला लोकांच्या जागंत फिरवायचा, पानी कुठं लागंल ते सांग. मी काय सांगनार? दमले की बसायचे. जिथं बसले तिथं लोक विहीर खनायचे. एका ठिकानी खारं पानी लागलं. समिंदर हाकेवर हाय, खारं न्हाय तर काय गोड लागनार? पन बोल मला लागला. ते घर अजून माझ्याशी बोलत न्हाय."



"आनि लगीन. मला वाटलं, मानसाला मी आवडले. सासरी आले तर सासू पालथी पडलेली. तिच्या कमरेसाठी केली हुती मला. एक वरीस न्हाय दोन न्हाय, मरंपर्यंत पाय दिला तिच्यावर. हे भले मानूस हुते, पन ते बी कवा कवा म्हनायचे, 'आईचं बघ आधी.' ह्या गावात मला माझ्या नावानं कोन हाक मारतं सांग. पायाळूचं घर, पायाळूची वाडी, पायाळू आली, पायाळू गेली. माझं नाव मीच विसरले अर्धं."

त्यांनी मोजे परत चढवले. "तुझ्या पोरीची न्हाय होऊ द्यायची ही गत."

"पोरगी आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं. काकी पहिल्यांदा हसल्या. मला त्या बाईविषयी एकदम इतकी माया दाटून आली की मी उठून पाणी प्यायला आत गेले.

मुलगी बूड खाली ठेवूनच, ठरल्याप्रमाणे सिझर होऊन जन्मली. अलिबागच्या दवाखान्यात माझी आई आणि काकी दारात बसल्या होत्या. आईला काकींचा संशय, काकींना आईचा, आणि दोघींना दवाखान्याच्या चहाचा. बाळ बाहेर आणणाऱ्या आयाबाईंच्या तोंडून "पायाळू हो" एवढंच निघालं असेल नसेल, तोच काकी कडाडल्या, "पोट कापून काढल्याला पायाळू म्हनतात व्हय? सरकारी कागद हाय काय तसा?" आई मला नंतर म्हणाली, "बाई भांडखोर आहे, पण मुद्दा बरोबर होता." पुढे गावात हाच वाद रंगला असता. पोटातून उचलून काढलेलं पोर पायाळू धरायचं की नाही, यावर जुन्या माणसांकडेही उत्तर नसतं. पण काकींनी तिथवर गोष्ट जाऊच दिली नाही. गावाला सांगितलं, डोकं खाली होतं, पाणी कमी झालं म्हणून सिझर केलं. त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

शेजारच्या वहिनी मात्र बाळ बघायला आल्या त्या थेट पायांकडेच वळल्या. पोटात मांडी घालून बसलेलं बाळ जन्मल्यावरही काही दिवस पाय वर दुमडूनच ठेवतं. पाय बांधू नका, मोकळे ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. आईनं हौसेनं विणलेले गुलाबी मोजे मी तिला घातले होते. वहिनी येताना दिसल्या मात्र, काकींनी झटकन ते मोजे उपसले. "उघडे ठेव," त्या पुटपुटल्या. "झाकलं की लोक बघतात. मी हे फार उशिरा शिकले." वहिनींनी बाळाचे पाय पाहिले, वर उचललेले, उघडे. त्या गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, "छान हायेत हो पाय."

मुलगी चालायला लागली त्या सुमाराची गोष्ट. काकी विहिरीवर भरलेली कळशी उचलायला गेल्या आणि तिथेच अडकल्या. आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि धावत आलेल्या वहिनींनी, त्यांना धरून ओटीवर आणलं. त्या पालथ्या पडल्या. तोंडातून शब्द फुटेना. आयुष्यभर लोकांच्या कमरा सोडवणाऱ्या बाईला स्वतःच्या कमरेवर पाय देता येत नाही, ही केवढी अडचण. मी दुखण्याची गोळी दिली, गरम पाण्याची पिशवी आणायला वळले, आणि मागे वहिनींचा आवाज आला,

"हिचाच पाय लावून बघू या की."

मुलगी एव्हाना त्यांच्या कडेवर होती. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं. घरात ट्रेलर चालवणारा नवरा, दर पंधरवड्याला काटकोनात होणारा. वहिनींना बिचाऱ्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. पण मला सगळं लख्ख कळलं. मी नको म्हटलं, तर का नको, हा प्रश्न आलाच. डोक्यानं जन्मलेल्या पोरीचा पाय लागल्यानं काय बिघडणार होतं? नको म्हणणं म्हणजे कबुलीजबाब. आणि हो म्हटलं आणि काकी उठून बसल्या, तर दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात कमरांची रांग. मी पिशवी न आणताच दारात उभी राहिले.

काकींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग वहिनींकडे. "लाव," त्या म्हणाल्या. "डोक्यानं आलेल्या पोरीचा पाय काय कामाचा? पन लाव."

वहिनींनी मुलीला काखेत धरून तिचा पाय काकींच्या कमरेवर टेकवला. मुलीला गंमत वाटली. ती खिदळली आणि आपणहून दोन्ही पायांनी नाचली. वहिनी श्वास रोखून बघत होत्या. मीही.

"आई गोऽऽ!" काकी अशा ओरडल्या की झाडावरचे कावळे उडाले. "मेले, मेले! आनिक दुखलं! उचल तिला आधी!"

वहिनींनी घाईघाईनं मुलीला उचललं. त्यांचा चेहरा पडला होता. "मला उगाच वाटलं हुतं," एवढंच त्या म्हणाल्या. पुढे महिन्याभरात त्यांच्या नवऱ्यानं अलिबागला जाऊन कमरेचा पट्टा आणला आणि व्यायाम शिकून घेतला.

काकी त्यानंतर वाकूनच चालायला लागल्या. हातात काठी आली. मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणायचे, तर म्हणत, "म्हातारपन हाय, त्याला डॉक्टर काय करनार?" मला वाईट वाटे. आमच्या पोरीच्या नाचण्यानं खरंच काही दुखावलं की काय, असंही मनात येई.

एकदा तब्येत बरी नव्हती म्हणून मी दुपारीच घरी परतले. मागच्या वाडीत काकी उंच दोरीवर लुगडं वाळत घालत होत्या. टाचा उचलून, दोन्ही हात वर ताणून, नारळीसारख्या सरळ. काठी विहिरीच्या कठड्याला टेकवलेली. मी हाक मारणार, इतक्यात कुंपणापलीकडे वहिनींच्या बांगड्या वाजल्या. काकींनी लुगडं सोडलं, हात कमरेवर नेला आणि माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू काटकोनात आल्या. मग कण्हत कण्हत काठीपर्यंत गेल्या. मी पाऊल न वाजवता मागे फिरले.

कंबर केव्हा बरी झाली होती, गोळीनं झाली होती की आणखी कशानं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण विचारलं असतं आणि त्यांनी खरं सांगितलं असतं, तर मला त्या उत्तराचं काय करायचं तेही कळलं नसतं.

पुढे माझी पनवेलला बदली झाली. टेम्पोत सामान चढलं. काकी काठीवर वाकून फाटकात उभ्या होत्या. शेजारी कुंपणाला हात टेकून वहिनी डोळे पुसत होत्या. "बघा ना, पुरती कमरेतून गेली बिचारी," असं त्या मला हळू आवाजात म्हणाल्या. मुलगी काकींच्या लुगड्याला धरून अनवाणी उभी होती, टेम्पोत बसायला तयार नव्हती. तिला नावानं हाक मारली की ती लगेच वळायची. त्या गावात तिला सगळे तिच्या नावानंच हाक मारत.

मी वाकले, नमस्काराचं निमित्त करून काकींच्या कानाशी तोंड नेलं. या वेळी त्यांनी पाय मागे घेतले नाहीत. मी म्हटलं, "काकी, आता आम्ही चाललो. आता सरळ उभ्या राहिलात तरी चालेल. कंबर बरी आहे तुमची."

काकींनी आधी मुलीकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, मग माझ्याकडे. आणखी थोड्या वाकल्या.

"तुला कोनी सांगितलं?" त्या म्हणाल्या.